काउंटर नंबर चार : भाच्याचा व्हिसा, मामाचे डॉलर

प्रश्न : मी पाचपाखाडीत राहते. आम्ही तिघं भावंडं. मी थोरली, मधला भाऊ मेलबर्नला, धाकटी बहीण कळव्याला. भावाला तिकडे जाऊन अकरा वर्षं झाली, आता तो तिथला नागरिक आहे. बहिणीचा मुलगा पंचवीस वर्षांचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, रबाळ्याच्या एका कंपनीत दीड वर्ष होता, दिवाळीनंतर नोकरी सोडली ती सोडलीच. बहिणीच्या मनात आलंय की त्याला तीन महिने मामाकडे पाठवावं. चार गोष्टी बघेल, मन रमेल, तिकडे गेला की काहीतरी बघेलच. भावाने चौकशी केली तेव्हा कळलं, की नातेवाइकाने स्पॉन्सर केलं तर टुरिस्ट व्हिसा मिळू शकतो, पण सरकार बाँड मागतं, पंधरा हजार डॉलरपर्यंत. भावाच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे आणि वहिनीला हे मुळीच पसंत नाही. बहीण म्हणते, 'दादाने नुसती सही करायची. पैसे मी इथे ताईकडे देते, तो तिथे भरेल. पोरगा परत आला की हिशेब मिटला.' आई माझ्याकडे असते, वय 78. भाऊ तिला दर दोन वर्षांनी बोलावून घेतो. ती म्हणते, 'भाच्यासाठी एवढं करायला काय झालं त्याला?' बाँड म्हणजे नक्की काय? पैसे परत मिळतात का? आणि बहिणीचे पैसे मी माझ्या खात्यात घेऊ का?
— एक थोरली बहीण, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते काम तुम्ही येत्या रविवारीच करून बसाल अशी मला धास्ती आहे. पैसे घेऊ नका. एक रुपयाही नाही.

नौपाड्यातल्या आमच्या शाखेत मी अकरा वर्षं परकीय चलनाच्या काउंटरवर बसले. तो चार नंबरचा काउंटर, म्हणून या सदराचं हे नाव. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी काचेशी वाकून, आवाज खाली आणून विचारायचं, 'मॅडम, घरातल्या घरात ॲडजस्ट केलं तर चालतं ना?' विचारणारी माणसं तुमच्या-माझ्यासारखीच. हातात भाजीची पिशवी, पिशवीत मेथीची जुडी आणि मनात लाखांची उलाढाल.

बाँड दहा हजारांचा निघाला असं धरू. बहीण तुम्हाला इथे सहा लाखांच्या आसपास देणार आणि त्याच्या बदल्यात भाऊ तिथे दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरणार. तुम्हाला वाटतंय की पैशाने फक्त कळव्याची खाडी ओलांडली. व्यवहाराने मात्र समुद्र ओलांडला. परदेशात राहणाऱ्या माणसाच्या वतीने इथे रुपये घ्यायचे आणि बँकेला मध्ये येऊच द्यायचं नाही, हे 1999 च्या फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात बसत नाही. बाजारात याला हवाला म्हणतात, आपण घरात ॲडजस्टमेंट म्हणतो. शिवाय कायदा बाजूला ठेवला तरी घरचं भांडण त्यात लपलेलं आहेच. डॉलरचा दर आज एक, चार महिन्यांनी दुसरा. दोन रुपयांनी जरी हलला, तरी दहा हजारांवर वीस हजारांचा फरक पडतो. ते वीस हजार कुणी सोसायचे, बहिणीने की वहिनीने? दोघी तुमच्याकडेच बघतील.

बहिणीला पैसे द्यायचेच असतील, तर तिने तिच्या बँकेत जावं, पॅन द्यावा, परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरावा आणि थेट भावाच्या मेलबर्नच्या खात्यात पाठवावेत. रिझर्व्ह बँकेची एलआरएस नावाची योजना आहे. तिच्यात एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत पाठवता येतात, म्हणजे तुमची रक्कम किरकोळच. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला दहा लाखांपर्यंतच्या अशा रकमेवर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक वसूल करते तो करही लागत नाही. बँक थोडे पैसे घेईल, घेऊ द्या. त्या पैशात तुमच्या बहिणीला एक पावती मिळते, आणि तुम्ही मधून मोकळ्या होता.

आता बाँड. ऑस्ट्रेलियाच्या भेटीच्या व्हिसाचा नंबर 600. त्यात वेगवेगळे प्रकार आहेत, तुमचा भाऊ ज्याची चौकशी करून आला तो 'स्पॉन्सर्ड फॅमिली'. तिथला नागरिक किंवा पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी असलेला, साधारण दोन वर्षं तरी तिथे स्थिरावलेला नातेवाईक या प्रकारात जबाबदारी घेतो. मामा-भाचा हे नातं त्यात बसतं. अर्ज भाच्याने भारतात असतानाच करायचा. तो तपासताना अधिकाऱ्याला वाटलं, तर तो लेखी कळवतो की एवढी रक्कम ठेवा. सहसा माणशी पाच हजारांपासून पंधरा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आकडा तो ठरवतो, घासाघीस नाही. मागितल्याशिवाय भरायचा नाही, आणि मागितल्यावर भरला नाही तर व्हिसा नाही. (इथे एक सावधगिरी सांगून ठेवते. ठाण्यात कुणी एजंट 'बाँडचे पैसे आधी आमच्याकडे जमा करा' म्हणाला, तर त्याच्या ऑफिसातून उठून सरळ तलावपाळीवर जाऊन बसा. बाँड तिथल्या सरकारकडे जातो, आणि तो स्पॉन्सर भरतो.)

पैसे परत मिळतात का? पाहुणा मुदतीत आणि अटी पाळून परतला, तर मिळतात. पण आपोआप खात्यात येऊन पडतील अशी वाट बघत बसू नका. स्पॉन्सरने मागावे लागतात. माझ्या आत्याला तिच्या मुलाने ॲडलेडला नेलं होतं, तेव्हा बाँडची पावती त्याने इतकी जपून ठेवली की पुढे सहा महिने ती त्यालाच सापडेना. शेवटी पुतण्याच्या मुंजीच्या अल्बममध्ये निघाली. तेव्हा पावती, दोन्ही बाजूंचे बोर्डिंग पास आणि मुंबई विमानतळावर उतरल्याचा पासपोर्टवरचा शिक्का, या सगळ्याचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवायचे.

इथपर्यंतचं कुणीही सांगेल. मला तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलायचंय. 'तिकडे गेला की काहीतरी बघेलच.' तुम्ही ते सहज लिहून गेलात. बहिणीनेही सहजच म्हटलं असेल. पण बाँड असतो तो नेमका या वाक्यासाठी. या व्हिसावर येणाऱ्याला काम करता येत नाही, अट 8101. तीन महिन्यांपेक्षा जास्त शिकता येत नाही, 8201. मुदत संपली की निघायचं, 8531. आणि सगळ्यात कडक 8503 : तिथे बसून दुसऱ्या कुठल्याही मुक्कामाच्या व्हिसाचा अर्ज करता येत नाही. निर्वासित म्हणून संरक्षण मागण्यासारखा अपवाद सोडला, तर ही अट उठवायला फार गंभीर कारण लागतं. 'कॉलेजात ॲडमिशन मिळाली', 'एका वर्कशॉपवाल्याने ठेवून घेतो म्हटलं' ही तसली कारणं नव्हेत. स्पॉन्सर्ड फॅमिलीच्या व्हिसावर 8503 असतेच.

म्हणजे भाच्याने तिकडे 'काहीतरी बघायचं' ठरवलं, तर बघता येण्यासारखं फारसं काही नाही. ऑपेरा हाउस बघेल, तेसुद्धा सिडनीला.

आणि बघायला गेलाच, एखाद्या गॅरेजमध्ये रोखीने चार पैसे घेऊन उभा राहिला, किंवा परतीचं विमान मुद्दाम चुकवलं, तर? बाँड जप्त. मुदतीनंतर अठ्ठावीस दिवसांहून जास्त बेकायदा राहिला, तर त्याला पुढची तीन वर्षं तिथला तात्पुरता व्हिसा मिळणं जवळजवळ बंद. हे झालं त्याचं. स्पॉन्सरचं काय? पाहुण्याने अटी मोडल्या, तर तुमच्या भावाला पाच वर्षं कुणालाही या प्रकारात स्पॉन्सर करता येणार नाही.

ताई, या पाच वर्षांचा हिशेब तुमच्या घरात अजून कुणी केलेला दिसत नाही. दहा हजारांचा सगळ्यांनी केलाय. आई आज 78 ची. पाच वर्षांनी 83. साधा टुरिस्ट प्रकार भावाच्या या बंदीने बंद होत नाही, आई स्वतःच्या अर्जावर जाऊ शकेल, हे खरं. पण पंचाहत्तरीपुढच्या माणसाची तिथे वैद्यकीय तपासणी मागतात, कागद वाढतात, आणि नेमक्या अशा वेळी मुलाने 'आईची जबाबदारी माझी' म्हणून सही करायची वाट बंद असते. 'काय झालं त्याला?' असं आई विचारते ना, तिला एकदा शांतपणे हे सांगा. भाच्याला नाही म्हणायचं की आईला, असा पेच उद्या त्याच्यापुढे यायला नको.

तुमच्या वहिनीला घरात कंजूष ठरवलं गेलं असेल, अशी मला शंका आहे. पत्रात तिच्या वाट्याला अर्धंच वाक्य आलंय, म्हणून म्हणते. मला ती सगळ्यांत शहाणी वाटते.

माझ्या घरातली गोष्ट सांगते. 1994 साली आमचे हे बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात होते. शेजारच्या मशीनवरच्या मित्राने मुलीच्या लग्नासाठी पतपेढीतून कर्ज काढलं आणि ह्यांनी जामीन म्हणून सही केली. मला संध्याकाळी चहाबरोबर सांगितलं. 'नुसती सही तर करायची होती' हे वाक्य मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. आठ महिन्यांनी मित्राने नोकरी सोडली आणि तो रत्नागिरीकडे गावी निघून गेला. मग सव्वीस महिने ह्यांच्या पगारातून अकराशे रुपये कापले गेले. तेव्हा अकराशे म्हणजे आमचा घरचा किराणा. तो माणूस लबाड नव्हता. घरी आजारपण आलं, जमीन विकली गेली नाही, आणि एकदा हप्ते थकल्यावर तोंड दाखवायला लाज वाटली, इतकंच. बारा-तेरा वर्षांनी ठाणे स्टेशनबाहेर भेटला. दोघांनी चहा घेतला, पोराबाळांची चौकशी झाली, कर्जाचा विषय कुणीच काढला नाही. चहाचे पैसे त्याने दिले. हे घरी येऊन कौतुकाने सांगत होते.

तुमचा भाचाही लबाड नसेल. पंचवीस वर्षांचा आहे, नोकरी सोडून बसलाय, रोज संध्याकाळी 'आज काय केलंस?' ऐकतोय. असा मुलगा तिथे गेला आणि दहाव्या आठवड्यात कुणी म्हणालं, 'अरे, राहा की, बघू काहीतरी,' तर त्या क्षणी मामाचे दहा हजार डॉलर त्याला आठवतील का, हे त्याच्या आईलाही माहीत नाही. मामाला तर नाहीच. अकरा वर्षांत त्याने भाच्याला किती वेळा पाहिलं असेल? तीनदा? चारदा? सही करणाऱ्याने आधी भाच्याशी अर्धा तास एकट्याने बोलावं. आई-मावश्या कुणी मध्ये नकोत. 'काय करायचंय तुला तिकडे?' एवढंच विचारावं. 'फिरायचंय' असं उत्तर आलं, की कुठे ते विचारावं. फिरायला निघालेल्या पोराला दोन-चार ठिकाणांची नावं तरी माहीत असतात.

माझं मत विचाराल तर भावाने या वेळी सही करू नये. भाच्याला मामाकडे जायचंच असेल, तर दुसरी वाट आहे. आधी नोकरी. ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात डिप्लोमावाल्याला अजून काम मिळतं, पहिल्या पगाराचा आकडा बघून तोंड वाकडं करू नये एवढंच. वर्ष-दीड वर्ष झालं, इन्कम टॅक्स रिटर्न भरलं, खात्यात स्वतःचे चार पैसे साठले, की त्याच 600 नंबरच्या व्हिसाच्या साध्या टुरिस्ट प्रकारात त्याने स्वतः अर्ज करावा. तीन महिने नको, तीन आठवडे. ऑफिसचं रजा मंजुरीचं पत्र जोडावं. मामाने एक साधं आमंत्रणाचं पत्र लिहावं : माझा भाचा अमुक तारखेला येतोय, माझ्या घरी राहील. या प्रकारात स्पॉन्सर लागत नाही, त्यामुळे मामाचे हात बांधले जात नाहीत. व्हिसा मिळेलच असं नाही. पण नाकारला गेला, तरी कुणाचं कर्ज अंगावर येत नाही आणि रक्षाबंधनाला फोन बंद राहत नाही.

आणि शेवटचं, तुमच्यापुरतं. दादाला सांग, ताईला विचार, या टपालातून तुम्ही बाहेर पडा. एक व्हिडिओ कॉल लावा, बहीण एका बाजूला, भाऊ आणि वहिनी दोघंही दुसऱ्या बाजूला. तुम्ही चहा टाकायला आत जा.

प्रश्न : मी वाशीला राहतो, 64 वर्षांचा, निवृत्त माध्यमिक शिक्षक. माझा कॉलेजातला मित्र पस्तीस वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला आहे. तो आम्हा नवराबायकोला मे-जूनमध्ये दोन महिने बोलावतो आहे. आता त्याने आमच्या पासपोर्टच्या प्रती मागितल्या आहेत. म्हणतो, तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन आमच्या खर्चाची हमी लिहून देणार. मला पेन्शन आहे, थोड्या मुदत ठेवी आहेत, तिकिटं मीच काढणार. मित्राने आपल्यासाठी हमीपत्र लिहावं, हे मनाला पटत नाही. पण त्याशिवाय व्हिसा मिळत नाही असं तो म्हणतो. काय करावं?
— एक निवृत्त शिक्षक, वाशी

उत्तर : सर, तुमच्या मनाला पटत नाही तेच बरोबर आहे आणि तुमचा मित्रही चुकीचा नाही, तो फक्त जास्त प्रेमाने बोलतोय.

तो ज्या कागदाबद्दल सांगतोय त्याचं जर्मन नाव 'फेअरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग'. मला ते एका दमात कधी म्हणता आलेलं नाही. बँकेत आम्ही 'तो लांब कागद' म्हणायचो. ऑस्ट्रेलियाप्रमाणे इथे सहसा रोख पैसे अडकवावे लागत नाहीत, पण जबाबदारी बाँडपेक्षा हलकी समजू नका. तुमचं राहणं-खाणं, आजारपण, आणि वेळ आली तर परत पाठवण्याचा खर्च, यातलं जे काही तिथल्या सरकारला करावं लागेल, ते सही करणाऱ्याकडून वसूल होऊ शकतं. ही जबाबदारी कायद्याने पाच वर्षांची. बाँडला निदान आकडा असतो, याला नसतो. कार्यालय आधी मित्राचं उत्पन्न तपासतं, 29 युरो फी घेतं आणि मगच तो कागद देतं. त्याची मूळ प्रत इथे तुमच्या अर्जाला जोडायची असते. तिथे नात्याची अट नाही, मित्रही सही करू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या स्पॉन्सर्ड फॅमिलीत मित्र चालत नाही, हा दोघांतला फरक. पहिलं पत्र वाचून कुणी गोंधळू नये म्हणून सांगितलं.

पण ज्याच्याकडे स्वतःचा पैसा आहे, त्याला हा कागद लागतोच असं नाही. तुम्ही पेन्शनचा आदेश, अलीकडच्या महिन्यांचं बँक स्टेटमेंट, ठेवींच्या पावत्या, रिटर्न आणि परतीचं आरक्षण जोडलंत, आणि मित्राने नुसतं आमंत्रणपत्र दिलं, की 'आमचा खर्च आम्ही करतो' असा तुमचा अर्ज होतो. राहायला मित्राचं घर असल्याने हॉटेलचा खर्च नाही, तेही तुमच्या बाजूचंच. स्टेटमेंटमध्ये एक काळजी घ्या : अर्जाच्या आठ दिवस आधी मुलाच्या खात्यातून चार लाख आणून टाकू नका. अचानक फुगलेलं खातं काचेपलीकडच्या माणसाला लगेच दिसतं, मी त्या बाजूला बसलेली आहे. दर महिन्याला येणारी पेन्शन आणि त्यातून होणारा किराणा, वीजबिल, औषधं हे चित्र त्याला जास्त खरं वाटतं.

प्रवास विमा मात्र घ्याच. शेंगेनसाठी, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्र व्हिसासाठी, किमान तीस हजार युरोंचं संरक्षण लागतं आणि चौसष्टाव्या वर्षी मी तर त्याहून जास्तीचा घेईन. अर्ज भरताना रक्तदाब, साखर जे काही असेल ते लपवू नका, नाहीतर दावा करताना पॉलिसी कागदावरच राहते. व्हिसाची फी 11 जून 2024 पासून माणशी नव्वद युरो आहे. दोन महिने हे 180 दिवसांत 90 दिवसांच्या मर्यादेत बसतात, पण मध्येच स्वित्झर्लंड किंवा पॅरिसला गेलात तरी दिवस एकाच हिशेबात धरले जातात.

मित्राला कसं सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण पत्रभर तेच आहे. त्याला सांगा, 'सही राहू दे, विमानतळावर न्यायला ये.'

प्रश्न : आमची मुलगी न्यू जर्सीला असते. आम्हा दोघांना अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा काढायचा आहे. ऐरोलीतल्या एका एजंटने सांगितलं की मुलीचा 'स्पॉन्सरशिप बाँड' पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून लागेल, त्याचे आठ हजार होतील. अमेरिकेने आता खरोखरच बाँड सुरू केल्याचं पेपरात वाचलं होतं, म्हणून विचारते. देऊ का?
— एक आई, ऐरोली

उत्तर : देऊ नका. पाचशेचा आकडा तेवढा खरा आहे, शंभराचे स्टॅम्प ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात पाचशेवर गेले. उरलेले साडेसात हजार त्याचे.

पेपरात वाचलंत ते वेगळं. अमेरिकेने 20 ऑगस्ट 2025 पासून काही देशांच्या नागरिकांसाठी पाच, दहा किंवा पंधरा हजार डॉलरचा बाँड प्रयोग म्हणून सुरू केला. सुरुवात मलावी आणि झांबिया या दोन देशांपासून झाली. तो बाँड मुलाखतीनंतर अधिकारी सांगेल तरच, अमेरिकी सरकारच्या स्वतःच्या यंत्रणेत भरायचा असतो. ऐरोलीच्या नोटरीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. असल्या बातम्या आल्या की एजंट लोकांचं दुकान चालतं. 2013 मध्ये ब्रिटनने भारतासह सहा देशांच्या पाहुण्यांकडून तीन हजार पौंड ठेव घ्यायचा बेत जाहीर केला होता. नोव्हेंबरात तो गुंडाळलाही. पण मधल्या काळात माझ्या काउंटरवर लोक 'पौंडाचा बाँड' भरायला चेकबुक घेऊन येऊन गेले.

अमेरिकेच्या बी-वन बी-टू, म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसासाठी आमंत्रणपत्र किंवा मुलीचं हमीपत्र लागत नाही, असं तिथलं परराष्ट्र खातंच सांगतं. डीएस-160 हा अर्ज ऑनलाइन भरायचा, माणशी 185 डॉलर फी भरायची आणि मुलाखत द्यायची. तिथे सगळा प्रश्न एकच असतो : तुम्ही परत येणार का? कायद्यात 214(बी) नावाचं कलम आहे, त्यानुसार परत येणार हे पटवायची जबाबदारी तुमची. मुलीचा पगार कितीही असला तरी त्याने ते पटत नाही. तुमचं ऐरोलीतलं घर, पेन्शन, इथे असलेला मुलगा, नात, सोसायटीतलं खजिनदारपद, जे असेल ते तुमच्या तोंडून सरळ यायला हवं. मुलगी तिकीट काढणार असेल तर तसं सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

डीएस-160 भरायला सोसायटीतला एखादा कॉलेजचा मुलगा बसवा, पण प्रत्येक उत्तर स्वतः वाचून बघा. आणि मुलाखतीला जाण्यापूर्वी आदल्या रात्री दोघांनी मिळून एक ठरवा, किती दिवसांसाठी जाणार. आमच्या शेजारच्या काकांनी तीन महिने सांगितलं, आणि पाठीमागून काकूंनी 'अहो, सहा ना?'